खोबणीतला दाणा

"झोपलीस काय गं?" मोखेले पलीकडच्या टेबलावरून ओरडला. ओरडल्याशिवाय तिला ऐकू जात नसे.

मादिनेओ झोपली नव्हती. तिची हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकलेली होती, डोळे मिटलेले होते, आणि उजव्या हातातली सुई समोरच्या लाल दगडावर होती. दगडाखालची वाळूची पिशवी तिने मुद्दाम काढून ठेवली होती. आता दगड आणि टेबल यांच्यामध्ये नुसता लाकडी ठोकळा होता. तिने सुई केसाइतकी उचलली आणि सोडली.

ठस.

कानांना काही कळलं नाही. कानांना गेली आठ-दहा वर्षं फारसं कळतच नव्हतं. पण ठोकळ्यातून टेबलात, टेबलातून हनुवटीत, हनुवटीतून जबड्यात, असा तो आवाज बरोबर वर चढून आला. ठस म्हणजे दगड. तिने सुई किंचित डावीकडे सरकवली. उचलली. सोडली.

टिक.

तिने डोळे उघडले.

"न्ताते मोखेले, तुमचं ते यंत्र बंद करा जरा."

"बंदच आहे! सकाळपासून बंद आहे. हवा भरायची मोटर गेलीय."

"मग तोंड बंद करा."

न्ताते या मानाच्या हाकेनंतरचं हे झापणं ऐकून मोखेले मान मागे टाकून हसला. जवळजवळ तीस वर्षं ती दोघं या खोलीत समोरासमोर बसत होती. तो हवेच्या छिन्नीने मोठी हाडं दगडातून मोकळी करायचा, ओंडक्याएवढी, उखळाएवढी. ती सुईने लहान हाडं. कानांवर घालायची टोपणं म्युझियमने एकच जोडी आणली होती, आणि ती छिन्नी चालवणाऱ्याला मिळाली. समोर बसणाऱ्या बाईलाही कान असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मोखेलेच्या मात्र पुढे आलं. तेव्हापासून दर नाताळाला तो तिला एक कोंबडी आणून द्यायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही.

*

*सोमवार. डोंगरापलीकडच्या ओढ्यातला लाल दगड. आत खालचा जबडा, डावा, अंगठ्याच्या नखाएवढा. दात पाच. आतल्या अंगाला खोबण. खोबणीत काळपट दाणा. चार तास काम. काढलेला दगड : चिमूटभर. दाणा काढलेला नाही. — मादिनेओ*

*

म्युझियमच्या बाहेरच्या दालनात काचेखाली असाच एक जबडा होता. गावातले लोक त्याला त्वेबा म्हणत. त्वेबा म्हणजे उंदीर. माहिती सांगणारी मुलगी सुट्टीवर असली, की छिन्नीची धूळ झटकून मोखेले पाहुण्यांपुढे उभा राहायचा, आणि लोकांना मुलीपेक्षा तोच आवडायचा.

"तुमच्या कानात हाडं किती, बाई? तीन. सरड्याच्या कानात? एक. मग वरची दोन आली कुठून? दुकानातून? नाही. जबड्यातून! सरड्याच्या जबड्याच्या मागच्या टोकाला जी हाडं असतात ना, तीच बारीक होत होत तुमच्या कानात जाऊन बसली. म्हणजे आत्ता तुम्ही माझं ऐकताय ते सरड्याच्या जबड्यानं. आणि ही आमची त्वेबा. नाव उंदराचं, पण ही उंदराची, गाईची, देवमाशाची आणि तुमच्या सासूबाईंचीसुद्धा दूरची खापरपणजी. वर डायनासोर धाडधाड चालायचे, ही खाली गवतात कान देऊन बसायची. बाकीच्या आफ्रिकेतल्या तिच्या भाऊबंदांचं ऐकणं अजून जबड्याला चिकटलेलं होतं. हिचं सुटलं होतं. बघा, ही खोबण. रिकामी आहे की नाही? हाडं इथून उठून कानाकडे निघून गेलेली!"

वर भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : पहिला कान. गावाच्या वेशीवरही तेच लिहिलं होतं. चौकातल्या चहावालीनेही दुकानाला तेच नाव दिलं होतं.

खोबण रिकामी होती. सगळं त्यावरच उभं होतं.

*

मंगळवारी डॉक्टर रेफिल्वे आली. म्युझियमची प्रमुख. याच गावची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी सुट्टीत काम मागायला आली होती, तेव्हा तिच्या बोटांत सुई कशी धरायची ते मादिनेओनेच बसवलं होतं. पुढे ती शिकली, बाहेरदेशी गेली, परत आली, आणि कुलूप लागायच्या बेतात असलेलं हे म्युझियम तिने त्वेबाच्या जोरावर उभं केलं. तिचा प्रबंध त्वेबावर होता. चारचौघांत मादिनेओ तिला डॉक्टर म्हणायची. एरवी पोरी. रेफिल्वे तिला म्मे म्हणायची, म्हणजे आई.

"म्मे, झालं का?" रेफिल्वेने वाकून मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला. "गुरुवारी सकाळी गाडी निघायची आहे. शहरात स्कॅनला दोन तास दिलेत, तेसुद्धा सहा महिने मागे लागल्यावर. किती सुंदर काढलाय! दात तर... थांबा. हे काय राहिलंय?"

"दाणा."

"गंज आहे तो. इथल्या दगडात लोखंड आहे, त्याचे असे गोळे होतातच. स्कॅनमध्ये पांढरा भपका मारेल आणि सगळी खोबण झाकून टाकेल. काढून टाका."

"नाही."

रेफिल्वेला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती कानाशी येऊन म्हणाली, "म्मे! दाणा! काढून टाका!"

"पहिल्यांदाच ऐकलं मी. नाही म्हटलं."

पलीकडे मोखेलेची सकाळीच दुरुस्त होऊन आलेली छिन्नी थांबली.

"वर गंजाचं साल आहे," मादिनेओ म्हणाली. "आत हाड आहे. आणि ते वाहत येऊन अडकलेलं नाही. आपल्या जागेवर बसलंय, बी शेंगेत बसतं तसं."

"कशावरून?"

"वाजवून बघितलं."

"वाजवून," रेफिल्वे म्हणाली. तिने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. "म्मे, रागावू नका. पण तुम्हाला माझी हाक ऐकू येत नाही."

"हाक कानानं ऐकायची असते. ही जबड्यानं ऐकायची."

रेफिल्वे पुन्हा तिच्या कानाशी वाकली. मग सावकाश म्हणाली, "जबड्याला चिकटलेलं हाड म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला? हा जबडा त्वेबाच्याच जातीचा आहे. दात सारखे, आकार सारखा. एकीचं हाड सुटलेलं आणि दुसरीचं चिकटलेलं, असं होत नाही."

"होत नाही," मादिनेओ म्हणाली. "त्वेबाचंही चिकटलेलंच होतं."

*

*१४ मार्च १९८९. जबडा, डावा. खोबण स्वच्छ केली. फोटोसाठी तयार. तयारी : मदतनीस.*

*

त्वेबाच्या जबड्याची ही नोंद प्राध्यापक फूरींच्या हातची. मदतनीस म्हणजे ती. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि पाच महिन्यांपूर्वीपर्यंत याच खोलीची फरशी पुसत होती. टेबलाखाली हरवलेला वाळूच्या कणाएवढा दात तिने फडक्यातून शोधून दिला, म्हणून फूरींनी फडकं काढून घेऊन तिच्या हातात सुई दिली. माणूस वाईट नव्हता. सगळे त्याला बास म्हणत, म्हणजे मालक. शेतावरून येताना सगळ्यांना संत्री आणायचा. फक्त त्याला घाई असायची, आणि मदतनिसांकडे बघून बोलायची सवय नव्हती.

"तो गंज काढ. उद्या फोटोवाला येतोय."

"बास, ते हाड असेल."

"तुला हाड कळायला लागलं वाटतं?" तो हसला. टोमणा नव्हता तो, खरोखरीच गंमत वाटली होती त्याला. पण वाकून पाहिलं नाही. टोपी घातली आणि गेला.

तेव्हा तिचे कान तरुण होते. सुईचं टोक दाण्याखाली घातलं आणि किंचित उचललं, तेव्हा आवाज आला. पाच महिन्यांत तिने हजार वेळा दगडाचा आवाज ऐकला होता. हा तो नव्हता. हात थांबवायला हवा होता. हात थांबला नाही. नोकरी नवी होती, बासने सांगितलं होतं, आणि हाताला सांगितलेलं ऐकायची सवय होती.

दाण्याचे तीन तुकडे झाले. मोडलेल्या कडा आतून चहाच्या रंगाच्या होत्या. दगड आतून तसा नसतो. तिने ते ब्रशने सुपलीत लोटले, बाकीच्या धुळीबरोबर. संध्याकाळी सुपली मागच्या भिंतीशी रिकामी केली. मग वाऱ्याने धूळ नेली.

*

हे सगळं तिने मंगळवारी दुपारी, उभ्याउभ्या, रेफिल्वेला सांगितलं. मोखेले मध्येच म्हणाला, "मादिनेओ, गप बस." ती गप बसली नाही.

तिचं सांगून झालं तेव्हा मोटर घरघरतच होती. मोखेलेने हात लांब करून ती बंद केली.

"तीस वर्षं," रेफिल्वे म्हणाली.

"तीस."

"तुम्ही मला सुई धरायला शिकवलंत. त्याच जबड्यावर शिकवलंत. ही बघ खोबण, असं बोटानं दाखवलंत मला."

"दाखवलं."

"माझ्या प्रबंधाचा निकाल लागला तेव्हा बादलीभर आल्याची बिअर करून आणलीत. सगळ्या गावाला पाजलीत. तेव्हासुद्धा बोलला नाहीत?"

"तू सणासुदीचं नवं ब्लँकेट पांघरून आली होतीस. इतकी आनंदात होतीस की..."

"माझ्यावर ढकलू नका!"

"नाही ढकलत." मादिनेओ स्टुलावर बसली. "आधी भीती होती. नोकरी जाईल म्हणून. मग बास वारला, भीती गेली. मग लोक म्हणायला लागले, या बाईच्या हातून कधी एक हाड मोडलं नाही. शहरातून माणसं माझे हात बघायला यायची. फोटो काढायची, नुसत्या हातांचे. मला ते आवडायला लागलं, पोरी. हे खरं कारण."

रेफिल्वेने काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर एक बस उभी राहिली होती आणि माणसं पहिल्या कानाच्या पाटीखाली फोटो काढून घेत होती.

"पुरावा काय?" ती वळून म्हणाली. आता तिचा आवाज कार्यालयातला झाला होता. "तुम्ही म्हणता हाड होतं. तीन तुकडे होते. कुठे आहेत? तीस वर्षांपूर्वी एका माणसानं एक टिक ऐकलं. आज त्या माणसाला ऐकू येत नाही. यावर मी माझं सगळं काम मोडून टाकू?"

"यावर नको. हा दाणा आहे ना? याला बोलू दे."

"हा गंज आहे."

"मग स्कॅनला कळेल."

"गंजामुळे स्कॅनला काहीच कळणार नाही! तेच तर सांगतेय मघापासून! गाडी गुरुवारी निघणार. उद्या संध्याकाळपर्यंत खोबण स्वच्छ पाहिजे. तुम्ही केलीत तर तुम्ही. नाहीतर मी."

*

*मंगळवार. काम शून्य तास. काढलेला दगड : नाही. — मादिनेओ*

*

टॅक्सीच्या थांब्यापर्यंत मोखेले तिच्या चांगल्या कानाच्या बाजूने चालत आला. वाटेत त्याने दोन गरम माक्वेन्या घेतल्या, एक तिला दिली. तळलेल्या पिठाचा वास कागदातून हाताला लागत होता.

"खा. आणि ऐक. दाणा गंजाचा निघाला तर तू वेडी ठरशील. हाडाचा निघाला तर आपण सगळे रस्त्यावर येऊ. पाटी उतरली की बस थांबायच्या नाहीत. बस थांबल्या नाहीत की त्या म्युझियमला कोण विचारतंय? चहावालीचं काय? माझं काय?"

"तुम्हाला काय धाड भरलीय? डायनासोर आहेत की तुमचे."

"डायनासोर सगळ्यांकडेच आहेत!" तो इतक्या कळवळून म्हणाला की तिला हसू आलं. "पहिला कान आपल्याकडेच आहे. होता. आहे. काय म्हणायचं ते म्हण. तुझी दोनच वर्षं राहिलीत, बाई. त्या पोरीला काढू दे दाणा. तुझ्या हातानं तर नाही ना जाणार?"

मादिनेओने माक्वेन्या अर्धी खाल्ली, बोटं कागदाला पुसली.

"न्ताते, तुम्ही पाहुण्यांना एवढं सांगता. त्या पिल्लाएवढ्या जनावराला खायचंही जबड्यानं आणि ऐकायचंही जबड्यानं. म्हणजे चावताना ऐकू येत नसणार. ऐकायचं म्हणजे खाणं थांबवायचं. आजूबाजूला एवढाली धुडं. तरी ते थांबायचं आणि ऐकायचं. उपाशी राहून ऐकायचं. म्हणून टिकलं."

"बरं मग?"

"हे जास्त मोठं नाही का? सुटलेला कान काय, कुणीही मिरवेल."

मोखेलेने डोकं खाजवलं. "हे पाटीवर मावणार नाही," तो म्हणाला.

*

बुधवारी ती नेहमीपेक्षा तासभर आधी आली आणि टेबलाशी बसली. जबडा समोर, मायक्रोस्कोप समोर, हात मांडीवर. दहाच्या चहाला उठली नाही. जेवायला उठली नाही. मोखेलेने मक्याच्या पिठाचं घट्ट पाप आणि मोरोहोची पालेभाजी असं ताट आणून शेजारी ठेवलं, ते तिने बसल्या जागी खाल्लं, मान दुसरीकडे करून, दगडावर कण पडू नये म्हणून. तीन वाजता रेफिल्वे आली. तिच्या हातात तिची स्वतःची सुई होती, बाहेरदेशातून आणलेली, चकचकीत मुठीची.

"उठा, म्मे."

"नाही."

"मी प्रमुख आहे इथली."

"आहेस. गावात मीच सगळ्यांना सांगते. आमची पोर प्रमुख आहे म्हणून."

"मग उठा."

"डॉक्टर," मादिनेओ म्हणाली, आणि चारचौघांत नसतानाही तिने पहिल्यांदाच हा शब्द वापरला, "माझं नाव मादिनेओ का आहे, ठाऊक आहे ना? लग्न झालं त्या दिवशी सासरच्यांनी ठेवलं. दिनेओची आई. मूल व्हायच्या आधीच ठेवतात आपल्यात, पुढे होईल म्हणून. मला झालं नाही. दिनेओ आलीच नाही. पण नाव राहिलं. पस्तीस वर्षं मी नसलेल्या मुलीच्या नावानं हाकेला ओ देतेय. नाही त्याला नाव देता येतं, त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण जे होतं, माझ्या सुईखाली होतं, मी माझ्या हातानं उचललं, ते नव्हतंच म्हणायचं, आणि आता दुसरंही काढून टाकून नव्हतंच म्हणायचं, ते मी करणार नाही. तूही करणार नाहीस. मी उठले नाही तर तू मला ढकलून काढणार नाहीस. तेवढं शिकवलंय तुझ्या आईनं."

मोखेले छिन्नीच्या टोकाकडे बघत बसला होता, जणू ते त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

रेफिल्वेने सुई टेबलावर ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग आला होता.

"तुम्हाला वाटतं मला खरं नकोय," ती म्हणाली. "मला खरंच हवंय. मी त्यासाठी दहा वर्षं घातली. पण तुमच्या जबड्यावर कोण विश्वास ठेवेल? मी लिहू काय? आमच्या म्मे म्हणतात?"

"माझ्या नको ठेवू. तुझ्या ठेव. बस इथं."

मादिनेओ स्टुलाच्या कडेला सरकली. अर्धं स्टूल रिकामं झालं. रेफिल्वे उभीच राहिली. मग बसली. दोघी एका स्टुलावर, खांद्याला खांदा लावून.

"हनुवटी टेकव. अशी नाही, दात मिटून. दातावर दात. आता डोळे मीट. मी वाजवते."

वर मायक्रोस्कोप, खाली ठोकळा, ठोकळ्यावर वीस कोटी वर्षांपूर्वीचा तो नखाएवढा जबडा. मादिनेओने जागा पाहून घेतली, सुई टेकवली, केसाइतकी उचलली.

"हा दगड."

रेफिल्वेचा चेहरा हलला नाही.

"पुन्हा दगड. हे मधलं, हे जबड्याचं हाड. आणि हे..."

तिने दाण्यावर सुई सोडली.

खोलीत काहीही ऐकू आलं नाही. मोखेलेलाही आलं नाही, आणि त्याचे कान शाबूत होते. पण टेबलावरची ती हनुवटी किंचित उचलली गेली, आणि पुन्हा टेकली.

"परत," रेफिल्वे म्हणाली.

मादिनेओने परत वाजवलं.

"दगड वाजवा. आता जबडा. आता तो."

किती वेळा, ते कुणी मोजलं नाही. शेवटी रेफिल्वे उठली. तिच्या हनुवटीवर टेबलाच्या कडेची लाल रेघ उमटली होती.

"मी ऐकलेलं कुणी छापणार नाही," ती म्हणाली.

"छापू नको. काढू नको, एवढंच."

"आणि स्कॅनमध्ये नुसता पांढरा भपका आला तर? सहा महिन्यांची वाट पाण्यात. मला वर उत्तर द्यावं लागेल, म्मे. तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवेन. दाखवावंच लागेल."

"दाखव. नाव नीट लिही फक्त."

रेफिल्वे दाराकडे वळली. मादिनेओ म्हणाली, "थांब. जुनं रजिस्टर पाहिजे मला. एकोणनव्वदचं."

"कशाला?"

"लिहायचंय."

"स्कॅन होईपर्यंत काहीही लिहायचं नाही!"

"स्कॅन या जबड्याचं होणार. त्या जबड्याचं काय होणार? तिथं आता काय उरलंय स्कॅन करायला? मी आहे तेवढीच. किल्ली दे."

रेफिल्वेने किल्ली तिच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि दार आपटून निघून गेली. ते मात्र मादिनेओला नीट ऐकू आलं.

*

*त्या दिवशी खोबणीत हाड होतं. गंज नव्हता. बासने गंज म्हटलं, पण उचललं मी. उचलताना मला कळलं होतं. तीन तुकडे झाले, ते मी फेकले. खोबण रिकामी नव्हती, मी रिकामी केली. जनावराचा दोष नाही. मदतनीस म्हणजे मी : मादिनेओ मोखोथू, माहेरची न्थाबेलेंग सेलेबालो.*

*

हे तिने आपल्या सेसोथो भाषेत लिहिलं. अक्षर मोठं होतं, रकान्यात मावलं नाही. अर्धं समासात गेलं, जिथे तीस वर्षांत कुणी काही लिहिलं नव्हतं.

मोखेले खांद्यावरून वाचत होता. "रजिस्टर इंग्रजीत असतं," तो म्हणाला.

"ज्याला वाचायचंय तो शिकेल. मी नाही त्यांचं शिकले?"

"माहेरचं नाव कशाला घातलंस?"

"चूक झाली तेव्हा हात माहेरचेच होते," ती म्हणाली. मग स्वतःशीच थोडं हसून म्हणाली, "नाही हो. शाई उरली होती."

*

गुरुवारी सकाळी तिने जबडा स्वतः बांधला. आधी मऊ कागद, मग कापूस, मग पत्र्याचा डबा, डब्याभोवती पुन्हा कापूस. दाणा वरच्या अंगाला येईल असा. डब्यावर चिठ्ठी चिकटवली : *दाणा काढू नये.* खाली सही.

रेफिल्वे गाडीत मागच्या सीटवर बसली. तिने डबा मांडीवर घेतला. गुड मॉर्निंग म्हणाली नाही, पण पट्टा बांधताना डबा एका हाताने धरून ठेवला, आणि तो हात नंतरही काढला नाही.

"निघू का?" ड्रायव्हरने विचारलं. नवा होता, शहरातून पाठवलेला, हातात चकचकीत घड्याळ.

म्युझियमच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत चारशे पावलं कच्ची वाट होती. खड्डे, दगड, पावसाने खोदलेल्या चऱ्या. मादिनेओला ती वाट पावलांनी पाठ होती. इथल्या रिवाजाप्रमाणे खांद्यावर पिनेने अडकवलेलं ब्लँकेट सावरत ती ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"हळू घ्यायची."

"हो हो."

"हो हो नाही. हळू."

ड्रायव्हर हसला आणि त्याने गाडी चालू केली. पहिल्याच चरीत चाक आपटलं. मागे रेफिल्वेने डबा छातीशी धरला.

मादिनेओ चालत पुढे आली. गाडीच्या समोर. तिने पाठ फिरवली आणि वाटेच्या मधोमध चालायला लागली, उजवा हात मागे, तळहात जमिनीकडे दाबून. हळू.

भोंगा वाजला असावा. दारात उभ्या मोखेलेने दोन्ही हातांनी कान झाकले, ते तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. तिने मान वळवली नाही. बुटांच्या तळव्यांतून तिला मागच्या गाडीची धडधड कळत होती. धडधड वाढली की ती चाल आणखी मंद करायची. खड्डा आला की डावीकडे व्हायची, आणि गाडी तिच्यामागे डावीकडे व्हायची. दगड आला की थांबायची, पायाने तो बाजूला सारायची, मग पुढे.

कुणीतरी चहाच्या दुकानातून बघत होतं. बघू दे.

चारशे पावलं संपायला बराच वेळ लागला. डांबरी रस्ता आला. ती लगेच बाजूला झाली नाही. आधी खांद्यावरून घसरलेलं ब्लँकेट सारखं केलं, पिन काढली, पुन्हा नीट लावली. मग झाली.